गोगलगायीचा पाहुणचार

आषाढ सरून श्रावण लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. उन्हाळ्यात पापड-लोणच्यांविषयी पृच्छा करणाऱ्या भगिनी या दिवसांत ओल, बुरशी, वाळवी आणि मुलांचा खोकला यांविषयी लिहू लागतात. या खेपेस मात्र एक पत्र निराळेच आले. ते लिहिणाऱ्या बाई आरे कॉलनीत राहतात. त्यांच्या आठ वर्षांच्या चिरंजीवाने पावसात भिजत जाऊन घरामागच्या भिंतीवरून तीन गोगलगायी आणल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात त्यांची स्थापना केली आणि डबा आपल्या अभ्यासाच्या मेजावर मांडला. ‘सासूबाई म्हणतात, ही घाण आधी घराबाहेर काढा. यजमान म्हणतात, चिमूटभर मीठ टाका म्हणजे प्रश्न मिटला. मुलगा म्हणतो, त्यांना बाहेर टाकाल तर मी जेवणार नाही. तिघांचेही मन राखून काय करता येईल ते आपल्या सदरातून कळवावे,’ असे त्या लिहितात.

तिघांचेही मन राखण्याची विद्या आम्हांस अवगत नाही. परंतु या प्रश्नाने आम्ही स्वतः एकदा पोळलो आहोत; त्यामुळे पत्र हसण्यावारी न नेता त्यास सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम या पाहुणीची ओळख करून घेऊ. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड मनुष्यास लावतो. पण म्हण ज्याने केली त्याची नजर किती बारीक होती पाहा! पाश्चात्त्य प्राणिशास्त्रज्ञांनी या वर्गास जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थही ‘पोट हेच ज्याचे पाय’ असाच आहे, आणि आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘उदरपाद’ म्हणतात. पोटाखालचा तो मांसल तळवा आकुंचन पावत लाटेसारखा पुढे सरकतो आणि आपणच स्रवलेल्या बुळबुळीत रसाच्या वाटेवरून हा जीव चालतो. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकाशी डोळे असतात, खालच्या आखूड जोडीने ती चाचपते व वास घेते. तिला कान नाहीत. जिभेवर कानशीच्या पृष्ठासारखे हजारो सूक्ष्म दात असतात आणि त्यांनी ती पान खरवडून खाते. रात्री घर निजलेले असता डब्याला कान लावून बसल्यास काकडी खरवडल्याचा हलका आवाज ऐकू येतो. मुलांस हा आवाज एकदा ऐकविला म्हणजे पुस्तकातल्या धड्याची गरज उरत नाही.

पाठीवरचा शंख हे काही तिचे भाड्याचे घर नव्हे. तो तिच्या शरीराचा भाग आहे. जन्मतः तो चिमुकला असतो आणि ती वाढते तसा त्याच्या कडेशी नवा थर चढत जातो. त्यामुळे शंख ओढून तिला ‘बाहेर काढून पाहण्याचा’ जो प्रयोग कित्येक मुले करतात, तो प्रयोग नसून हत्या आहे. हे मुलांस पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता आपल्या पत्रलेखिकेच्या डब्यात आहे कोण? बाईंनी वर्णन कळविले आहे: शंख निमुळता, शंकूच्या आकाराचा, त्यावर तपकिरी उभे पट्टे, लांबी बायकांच्या चार बोटांच्या रुंदीएवढी. एवढ्यावरून ती आफ्रिकी महागोगलगाय होय, याविषयी आम्हांस शंका नाही. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. हिंदुस्थानात ती स्वतःच्या पोटपायांनी आली नाही. विल्यम हेन्री बेन्सन नावाचे एक इंग्रज सनदी अधिकारी शंखशिंपल्यांचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी मॉरिशस बेटावरून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या, आणि १८४७ साली त्या चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेल्या. एका हौशी विद्वानाच्या कुतूहलातून निघालेली ही वंशवेल आज देशभर पसरली आहे. चिरंजीवांच्या डब्यातील तिघी त्याच घराण्यातल्या.

आरेसारख्या ठिकाणी त्या बोकाळाव्यात यात नवल नाही. मुंबई शहरातील गोठे बाहेर न्यावेत आणि नागरिकांस स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस ही दूधवसाहत वसविण्यात आली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांस पुढे १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. म्हशींचे तबेले, त्यांच्या वैरणीसाठी लावलेले ओलसर गवत, शेणखत, बागा, आणि शेजारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे रान! गोगलगायीस हवे असते ते सारे, म्हणजे ओल, सावली, कुजका पालापाचोळा व कोवळी पाने, येथे एके ठिकाणी मिळते.

परंतु आरेत गोगलगायी म्हणजे एवढ्याच, असा समज करून घेऊ नये. त्या रानात आपल्या मातीतले शंखधारी जीवही आहेत. ते बहुधा लहान, पातळ व चकचकीत शंखाचे असतात. कित्येकांचा शंख चपटा, वेटोळे घातलेल्या दोरीसारखा दिसतो, तर काहींच्या पायावर शंखाचे तोंड बंद करणारे झाकणच असते. सह्याद्रीच्या परिसरात आढळणाऱ्या अरिओफँटा नावाच्या वंशातील काही जातींचे वेटोळे तर इतर गोगलगायींच्या उलट दिशेने वळलेले असते. देवघरात दक्षिणावर्ती शंखाचे जे अप्रूप, ते याच उलट्या वळणाचे. गंमत अशी की आपण ज्यास दक्षिणावर्ती म्हणतो त्याच शंखास प्राणिशास्त्रज्ञ वामावर्ती म्हणतात, कारण शंखाचे टोक वर धरावयाचे की खाली, याविषयी आपला व त्यांचा प्रघात भिन्न आहे. असो. या देशी जीवांची मोजदाद अद्याप पुरी झालेली नाही. आंबोलीच्या रानातील गोगलगायीचा एक अगदी नवा वंश २०२१ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला आणि सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या नावावरून त्यास ‘वरदिया’ असे नाव दिले. खुद्द आरेच्या नावाने ओळखली जाणारी विंचवाची एक जात २०१० साली जगापुढे आली. सांगण्याचा हेतू हा की, देशी गोगलगायी पाहाव्या, त्यांचे चित्र काढावे, पण त्या जागच्या जागी ठेवाव्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तर कोणताही जीव उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अपराध आहे, आणि आरेच्याही काही भागास आता राखीव वनाचा दर्जा मिळाला आहे.

आता आमची हकीगत. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण ती टाळून पुढचा उपदेश केल्यास त्यास अर्थ उरणार नाही.

आम्ही गोरेगावास राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या नातवाने अशाच एका श्रावणात आरेतून दोन महागोगलगायी आणल्या. आम्हीच त्यास उत्तेजन दिले. मुलाचे लक्ष भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून निघून एका सजीव प्राण्याकडे लागले, याचा आम्हांस केवढा आनंद झाला! सौभाग्यवतींनी थोडी कुरकुर केली, पण पुढे त्याच रोज सकाळी दुधीची साल राखून ठेवू लागल्या. दोन-तीन महिन्यांनी डब्यातली माती पालटताना तळाशी साबुदाण्यासारख्या पिवळसर पांढऱ्या अंड्यांचा एक पुंजका दिसला. नातवाने मोजावयास घेतला, तो दीडशेच्या पुढे गेला. एवढ्या पिलांचे करावयाचे काय? अंडी मारणे आमच्या जिवावर आले. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात मुंगीस साखर घातली, त्या घरात दीडशे जीव कसे मारावे? शेवटी एका रात्री आम्ही, स्वतः आम्ही, तो डबा खाली नेला आणि अंड्यांसकट सारी माती इमारतीच्या बागेत तगरीच्या झुडपांखाली ओतली. दोन्ही गोगलगायीही तेथेच सोडल्या. जीवदयेचे एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात आम्ही वर येऊन स्वस्थ निजलो.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या बाईंचा मोगरा पानांवाचून उभा राहिला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पपईची रोपे, अळू, झेंडू, कुंड्यांतील तुळसदेखील कुरतडली गेली. भिंती चिकट रेघांनी भरल्या. मग इमारतीच्या मंडळींनी सभा भरवून बागेत मीठ व विषारी गोळ्या टाकावयाचे ठरविले. एके सकाळी शाळेस निघालेल्या आमच्या नातवास झाडूवाल्याच्या हातची बादली दिसली. ती काठोकाठ भरलेली होती. काही जीव अजून फेसाळत वळवळत होते. त्याने आमचा हात धरून विचारले, ‘आजोबा, ह्या आपल्याच का हो?’

त्या सर्व आमच्याच होत्या असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. आरेचे रान हाकेच्या अंतरावर आहे. परंतु त्या आमच्या नव्हत्या, असेही आम्हांस त्या बालकास सांगता आले नाही. दीडशे अंडी निर्जीव करण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते, म्हणून कित्येक पटींनी अधिक जीव हालहाल होऊन मेले, आणि ते काम आम्ही एका गरीब नोकराच्या हातून करविले. जीवदयेचा हा हिशेब आम्ही तेव्हापासून विसरलो नाही.

आमच्यासारखीच चूक सातासमुद्रापलीकडे एका आजीबाईंनी केली, आणि तिची तर इतिहासात नोंद झाली आहे. १९६६ साली अमेरिकेतील मायामी नगरात एका मुलाने हवाई बेटांतून तीन महागोगलगायी चोरून आणल्या. त्याच्या आजीने त्या घरच्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांची संख्या १८,००० च्या वर गेली आणि त्यांचा नायनाट करण्यास सरकारला सुमारे दहा लक्ष डॉलर वेचावे लागले. २०११ साली त्या त्याच भागात पुन्हा सापडल्या आणि निर्मूलन जाहीर करावयास २०२१ साल उजाडले. एवढे दूर तरी कशास जावे? २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी नुकतेच उगवलेले सोयाबीन रातोरात फस्त केले. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली आणि कित्येक कुटुंबे रात्री विजेऱ्या घेऊन शेतात गोगलगायी वेचीत फिरली. आपल्या मुलाच्या मेजावरील खेळणे हे दुसऱ्या कोणाच्या ताटातील घास खाणारे आहे, ही जाणीव ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

तर मग या प्राण्यास पाळावे की न पाळावे? आमचे मत असे की, नव्याने मुद्दाम आणू नये. परंतु जी घरात आली आहे, जिच्यावर मुलाचा जीव जडला आहे, तिला नीट पाळावे व मरेपर्यंत आपल्याच घरी ठेवावे. हा प्राणी पाच-सहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, जगतो. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाने घेतलेले व्रत तो चौदा वर्षांचा होईतो चालवावयाचे आहे. हे त्यास आधी सांगावे आणि मगच होय म्हणू द्यावे.

पालनाची रीत अवघड नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाद करावा, कारण तो गंजतो व तापतो. काचेची अगर प्लॅस्टिकची पसरट पेटी घ्यावी. तिची उंची फार नसावी, कारण गोगलगाय छतापर्यंत चढते व तेथून निसटून पडली तर शंख फुटतो. याच कारणास्तव आत दगडधोंडे मांडू नयेत. झाकणास बारीक भोके असावीत आणि वर थोडे वजन ठेवावे. हा प्राणी दिसतो त्याहून बळकट आहे आणि झाकण उचलून रात्री फिरावयास निघतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तळाशी चार बोटे जाडीचा मातीचा थर द्यावा. मातीत रासायनिक खत अथवा कीटकनाशक मुळीच नसावे. नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास ओल टिकते. माती मुठीत दाबली असता गोळा व्हावी, पण पाणी ठिबकू नये. सायंकाळी पाण्याचा हलका फवारा मारावा. पेटी उन्हात ठेवू नये. पाणी ठेवावयाचे तर उथळ झाकणीत ठेवावे.

येथे एक सूचना खास आपल्या घरांसाठी. तांब्याचे ताम्हण, पळी किंवा तबकडी या पेटीत ठेवू नये. आपल्याकडे तांबे शुद्ध मानितात, पण या जातीच्या प्राण्यांस ते विषासमान आहे. कित्येक माळी गोगलगायी कुंडीवर चढू नयेत म्हणून तांब्याची पट्टी लावितात ती याचसाठी.

आहाराच्या बाबतीत हा पाहुणा आपल्या स्वयंपाकघरास शोभेसा शाकाहारी आहे. काकडी, दुधी, तांबडा भोपळा, दोडक्याच्या साली, रताळे, कोबीची पाने, पिकलेली पपई, हे सर्व चालते. पालक व अळू नित्य देऊ नयेत, कारण त्यांतील आम्ल चुन्याचा अंश शरीरास मिळू देत नाही. मीठ, तिखट, तेल लागलेले काहीही देऊ नये. मुले प्रेमाने आपल्या ताटातील पोहे व शेव देऊ पाहतात, तिकडे लक्ष ठेवावे. भाजी धुऊन घालावी आणि उरलेली सकाळी काढून टाकावी, नाहीतर बुरशी व चिलटे होतात.

शंखाच्या वाढीसाठी तिला चुनखडीचे द्रव्य नित्य हवे. ज्या घरांत अंडी आणतात तेथे अंड्याची टरफले धुऊन, वाळवून, कुटून घालावी. आपल्या पुष्कळ घरांत ती यावयाची नाहीत. तेथे काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेण आणावा. सासूबाईंस तो परिचयाचा असेल, कारण पूर्वी कान वाहू लागल्यास घरोघरी वैद्य तो सांगत. एक तुकडा पेटीत ठेवला की गोगलगाय आपल्या सवडीने तो खरवडते. पानाच्या डब्यातील चुना मात्र कदापि घालू नये. तो दाहक असतो व तिचे अंग भाजते. शाळेतील खडूही घालू नये, कारण हल्लीचे खडू बहुधा जिप्समचे असतात आणि आपणांस हवा असलेला चुना त्यांत नसतो.

तिला उचलावयाचे तर आधी आपला तळवा ओला करावा आणि तिने आपण होऊन त्यावर चढावे अशी वाट पाहावी. शंखास धरून ओढू नये. पुढची कड नवी व ठिसूळ असते, आणि चिकटलेला पाय ओढताना आत इजा होते. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की ती शंखात शिरून तोंडावर पांढुरका पापुद्रा ओढून घेते आणि महिनेच्या महिने निजते. ती मेली असे समजून टाकून देण्याची घाई करू नये. कोमट पाण्याचा फवारा मारून माती ओली ठेवली म्हणजे बहुधा ती जागी होते. खरोखर मेलेली असल्यास दुर्गंधी सांगतेच.

आता आरोग्याचा विचार. सासूबाई ‘घाण’ म्हणतात त्यास केवळ सोवळ्याचा आग्रह समजून हसू नये. त्यामागे सत्याचा अंश आहे. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी आहे. त्याची सूक्ष्म पिले उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीच्या शरीरात जातात, आणि तेथून मनुष्याच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज आणतात. महागोगलगाय ही या कृमीची मोठी वाहक आहे. म्हणून पेटी स्वयंपाकाच्या ओट्यावर व देवघरात ठेवू नये. पेटीचे भांडे-पुसणे निराळे असावे. प्रत्येक स्पर्शानंतर साबणाने हात धुवावेत. हात तोंडात घालणाऱ्या लहान भावंडास पेटीजवळ जाऊ देऊ नये. याच कारणास्तव पावसाळ्यात आरेच्या पाड्यांवरून येणारा टाकळा, कुर्डू व इतर रानभाज्या पानन् पान पाहून, पुष्कळ पाण्यात धुऊन, पूर्ण शिजवूनच खाव्या. शिजविल्याने कृमी मरतो. कच्च्या कोशिंबिरीच्या पानांविषयी अधिक दक्षता घ्यावी.

मिठाविषयी यजमानांस आमची नम्र विनंती आहे. मीठ टाकले म्हणजे ‘प्रश्न मिटतो’ असे नव्हे. मीठ त्या जिवाच्या ओल्या अंगातील पाणी शोषून घेते आणि तो फेसाळून तडफडत मरतो. मुलाच्या डोळ्यांदेखत बापाने हे केले, तर गोगलगाय मरेल. पण मुलाच्या मनात जे मरेल ते पुन्हा जिवंत होणार नाही.

शेवटी राहिला अंड्यांचा प्रश्न, आणि खरी कसोटी तेथेच आहे. ही प्रत्येक गोगलगाय एकाच देही नर व मादी दोन्ही असते. तिघी एकत्र असल्या की तिघीही अंडी घालू शकतात. एकटी ठेवली तरी निर्धास्त राहू नये, कारण पूर्वी झालेल्या समागमाचे बीज ती महिनोन्महिने देहात साठवून ठेवते. एका खेपेस शंभर ते चारशे अंडी, आणि वर्षातून अशा कित्येक खेपा. तेव्हा दर आठवड्यास, एक वार ठरवून, माती तळापर्यंत चाळावी. पुंजका सापडताच तो कागदात गुंडाळून, डबीत बंद करून, दोन दिवस बर्फाच्या कपाटात गोठवावा, किंवा उकळत्या पाण्यात टाकावा, आणि मगच टाकून द्यावा. काढलेली जुनी मातीही अशीच उकळत्या पाण्याने भाजून मगच फेकावी. ताज्या अंड्यांत जीवाची घडण नुकती सुरू झालेली असते. विलंब जितका अधिक तितका दोष अधिक.

‘ही हिंसा नव्हे काय?’ असे सासूबाई विचारतील, आणि विचारण्याचा त्यांस अधिकार आहे. आम्ही उत्तर देतो ते शास्त्रीपणाच्या आविर्भावाने नव्हे, ठेच लागलेल्या मनुष्याच्या नात्याने देतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. प्राणिमात्रास आपल्या अन्नातील भाग द्यावा हा त्याचा अर्थ. पूर्वी संन्याशी चातुर्मासात एके ठिकाणी राहत, त्याचेही एक कारण हेच की, पावसात उगवलेले असंख्य जीव पायाखाली चिरडू नयेत. ही करुणा खरी आहे व ती आपण सोडू नये. परंतु करुणेस दृष्टी हवी. आपल्या डोळ्यांसमोरील दीडशे अंड्यांची दया आणि डोळ्यांआडच्या शेतकऱ्याची, शेजारणीच्या मोगऱ्याची, रानातील देशी जिवांची निर्दयता, यांस मिळून अहिंसा हे नाव देता येत नाही. जी हिंसा टळत नाही ती लहान असतानाच, स्वतःच्या हाताने, मन खाली घालून करावी. ती मोठी होऊ देऊन दुसऱ्याच्या बादलीत ढकलू नये.

पेटीत गोगलगाय पाळणे हा पोरखेळ नव्हे, हे दर्शविणारी एक गोष्ट सांगून आम्ही आवरते घेतो. प्रशांत महासागरातील ताहिती व मोरेआ बेटांवर महागोगलगायींचा उच्छाद झाला, तेव्हा त्यांचा नाश करण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात मांसाहारी गोगलगायींची एक परकी जात तेथे सोडण्यात आली. तिने महागोगलगायींकडे पाठ फिरवून पार्तुला नावाच्या इवल्या देशी गोगलगायींचाच फडशा पाडला. मोरेआच्या रानातून दहा वर्षांच्या आत त्या नाहीशा झाल्या. परंतु काही शास्त्रज्ञांनी तत्पूर्वी थोड्या पार्तुला उचलून नेल्या होत्या. लंडन व इतर ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत, लहान लहान पेट्यांत, माणसांनी त्यांस पिढ्यान् पिढ्या सांभाळले, आणि २०१५ पासून त्यांची संतती पुन्हा मायभूमीच्या रानात सोडण्यात येत आहे. एका पेटीतून निघालेल्या जिवांनी रान ओस पडते, आणि दुसऱ्या पेटीतून निघालेल्या जिवांनी ते पुन्हा भरते. फरक आहे तो कोणता जीव कोठला, हे जाणून वागण्याचा.

तेव्हा बाईंनी पुढीलप्रमाणे करावे, असे आम्ही सुचवितो. तिन्ही गोगलगायी ठेवाव्या, पण चौथी आणू नये. पेटी पडवीत किंवा मुलाच्या खोलीत जमिनीलगत ठेवावी. स्वयंपाकघराचा उंबरठा तिने ओलांडू नये, एवढी सासूबाईंची अट मान्य करावी. यजमानांनी मिठाचे भांडे जागेवर ठेवावे आणि दर रविवारी मुलासमवेत माती चाळण्याचे काम अंगावर घ्यावे. अंडी सापडली तर ती मुलापासून लपवू नयेत. काय करीत आहोत व का करीत आहोत, हे त्यास समजेल अशा शब्दांत सांगावे. तो रडेल, रडू द्यावे. आमच्या नातवास आम्ही त्या वेळी रडू दिले नाही, आणि पुढे त्यास बादली पाहावी लागली.

श्रीदत्तात्रेयांनी जे चोवीस गुरू केले त्यांत अजगर आहे, कोळी आहे, मासा आहे, मधमाशीही आहे. गोगलगाय मात्र नाही. आम्हांस तिने एक धडा दिला आहे, तो आम्ही आमच्यापुरता पंचविसावा मानतो. नातू आता मोठा झाला आहे. अद्यापही पाऊस लागला की तो आमच्यासमवेत आरेच्या रस्त्याने फिरावयास येतो. वाटेत गोगलगाय दिसली की वाकून पाहतो, देशी की परकी ते सांगतो, आणि हात मागे बांधून पुढे चालू लागतो.